धावणारे दुकान

मुलांनो, धावणारे दुकान तुम्ही कधी पाहिले आहे का?

एका नगरात हैबती नावाचा टांगेवाला होता. टांगा त्याचा स्वतःचा, घोडीही स्वतःची. मालक तोच आणि चाकरही तोच. अड्ड्यावर चार सवाऱ्या जमल्या की तो निघे. कोणाला बाजारात सोडी, कोणाला देवळापाशी, कोणाला पार वेशीपर्यंत. चंद्री घोडी आता थकत चालली होती, पण तिच्याच टापांवर त्याचे घर चालत होते.

त्या वर्षी राजाने धंद्यावरचा कर वाढवला. लहान धंदेवाले रडकुंडीला आले. राजाला दया आली. त्याने दवंडी पिटवली, "जो स्वतःचे लहान दुकान स्वतःच चालवतो, त्याला अर्धा कर माफ! टांगेवालेही दुकानदारच धरावेत." त्या दिवशी टांगेवाल्यांनी घोड्यांना गूळ चारला.

पण माफीला एक नियम होता. दुकान नेमल्या जागी उघडे दिसले पाहिजे आणि मालक आत बसलेला पाहिजे. तरच तपासनीस माफीचा पितळी बिल्ला दुकानावर ठोकणार. वाण्याला हे सोपे, शिंप्याला सोपे. टांगेवाल्याने काय करावे? हा नियम कोणी केला, देव जाणे!

तपासनीस विसाजीपंत अड्ड्यावर आले, तेव्हा हैबती सवाऱ्या घेऊन वेशीकडे गेला होता. "दुकान बंद," पंतांनी शेरा मारला. पुन्हा आले, तेव्हा तो एका अडलेल्या बाईला सुइणीकडे नेत होता. "दुकान बंद." मग हैबतीने एक दिवस सवारीच घेतली नाही. दिवसभर अड्ड्यावर बसून राहिला. त्या दिवशी पंत फिरकलेच नाहीत. चंद्रीने चारा मात्र रोजच्याइतकाच खाल्ला.

कर भरायचा शेवटचा दिवस आला. भर बाजारात पंतांनी नेमका हैबतीचाच टांगा थांबवला आणि आत चढले.

"अड्ड्यावर घे. कोणी हैबती आहे, त्याचं दुकान तपासायचंय. कधी जागेवर नसतो मेला!"

"पंत, मीच तो हैबती. तुम्ही माझ्या दुकानातच बसलाय. मालक समोर आहे, गिऱ्हाईक शेजारी आहे. ठोका की बिल्ला!"

पंत विचारात पडले. "पण तू इथे आहेस, म्हणजे अड्ड्यावर नाहीस."

"मग अड्ड्यावर पोचल्यावर बघा."

"आता तिथे जाऊन काय बघू? तू जागेवर नाहीस, हे मला इथेच कळलं. वळव टांगा कचेरीकडे."

शेजारी भाजीची पाटी घेऊन चिमाबाई बसली होती. तिला राहवले नाही. "पंत, तुमचं डोकं तरी नेमल्या जागी आहे का हो?"

पंतांनाही मनातून सगळे पटले होते. बिल्ला खिशात होता, हातोडी पिशवीत होती. पण वरचे काय म्हणतील, या भीतीने त्यांनी हात पुढे केला नाही. कचेरीशी उतरले, भाडे चोख दिले आणि शेरा मारला, "दुकान बंद."

पूर्ण कर भरण्यावाचून गत्यंतर नव्हते. हैबतीने अड्ड्यावरच चंद्रीला टांग्यातून सोडले आणि एका व्यापाऱ्याला विकले. ती वळून वळून पाहत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत अड्ड्यावर आले. टांगा नेमल्या जागी उभा होता, दांड्या जमिनीला टेकलेल्या. हैबती आत बसला होता. "सापडलास बाबा एकदाचा!" पंत म्हणाले. त्यांनी खुशीने पुढच्या वर्षाच्या माफीचा बिल्ला टांग्यावर ठोकला आणि ते पुढच्या दुकानाकडे गेले.

तात्पर्य: ज्याला सवलत द्यायची, त्याचे पोट कशावर चालते ते आधी पाहावे. नाहीतर सवलत दारात पोचते आणि धंदा दारातून निघून गेलेला असतो.