वळणाच्या वाटेनं नवरीची गाडी

ही गोष्ट लिहायची मला काडीची हौस नव्हती. सून मागं लागली. म्हणे, "मामंजी, दिवसभर कुरकुरता, त्यापेक्षा एखादी बोधकथा लिहा, चार लोकांना उपयोग होईल." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडून लिहून घ्यायचं तर शुद्धलेखन तिनं बघावं. मी फक्त गोष्टीपुरता. लहानांनो, थोरांनो, ऐकायचं तर मुकाट्यानं ऐका.

फार मागची गोष्ट. पण राजांना तेव्हाही वाटायचंच, की आपल्याला सगळं कळतं.

असाच एक राजा होता. त्याला घाई फार. जेवायची घाई, बोलायची घाई, पोचायची तर विचारू नका. त्यानं राजधानीपासून शेजारच्या राज्यापर्यंत एक रस्ता बांधला. दोरी धरून आखलेला. टेकडी आली, फोडली. झाड आलं, पाडलं. गाव आलं, बाजूला सारलं. रस्ता असा सरळ, की या टोकाला उभं राहावं आणि त्या टोकाचा माणूस शिंकताना दिसावा.

मग दवंडी पिटली. "यापुढं सगळ्या गाड्या राजरस्त्यानं जातील. जुन्या वाटेवर जो सापडेल, त्याचे बैल जप्त होतील आणि तेलाच्या घाण्याला जुंपले जातील."

घाण्याचा बैल म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. डोळ्यांना झापड बांधतात आणि जन्मभर एका खुंटाभोवती फिरवतात. मरेपर्यंत चालतो, आणि जात कुठंच नाही.

लोक घाबरले. मग सवय झाली. मग तर फुशारक्या मारायला लागले. "सकाळी निघालो, न्याहारीला पोचलो," एक म्हणायचा. "वाटेत काय पाहिलंस?" असं कुणी विचारलं, की पुन्हा न्याहारीचंच सांगायचा.

एक गाडीवान मात्र ऐकेना. म्हातारा होता, तोंडाचा फटकळ होता. त्याचं काम एकच, लग्न झालेल्या पोरींना सासरी पोचवणं. जुनी वाट टेकडीला वळसा घालून, ओढ्याच्या कडेनं, करवंदीच्या जाळ्यांतून वाडीवाडीला शिवत जायची. आणि रीत अशी होती, की नवरीची गाडी दिसली की प्रत्येक वाडीतल्या बाया ती थांबवायच्या, पोरीला पाणी द्यायच्या, तिची ओटी भरायच्या. पोरगी सासरी पोचेपर्यंत वाटेवर तिला जागोजागी मावश्या झालेल्या असायच्या.

तर हा म्हातारा खैऱ्या आणि मोऱ्या हे आपले बैल जुंपून, जुन्या वाटेनंच गाडी हाकत राहिला. नुसता जात नव्हता, गात जायचा. शेवटी नाकेदारानं त्याला धरलं.

"काय रे म्हाताऱ्या, समोर एवढा सरळ रस्ता आहे, तो दिसत नाही?"

"दिसतो की. त्याच्यावर रस्ताच तेवढा दिसतो."

"मग इकडं काय ठेवलंय?"

"उतर घोड्यावरून, दाखवतो."

नाकेदार उतरला नाही. त्यानं बैल जप्त केले आणि म्हाताऱ्याला राजापुढं उभं केलं.

राजा म्हणाला, "माझ्या मुलीची पाठवणी आहे. तिला राजरस्त्यानं पोचव. लोक बघतील, की तूसुद्धा वठणीवर आलास. बैल परत देतो."

म्हातारा बैलांसाठी आतून तुटत होता. लहानपणापासून हातानं चारलेली जनावरं ती. पण म्हणाला, "नाही जमणार, महाराज. सासरी निघालेल्या पोरीचं रडणं संपायला वेळ लागतो. तुमच्या रस्त्यावर तेवढी वळणंच नाहीत."

"मग तुझे बैल उद्यापासून घाण्याला."

"जुंपा. मी घाण्याशेजारी बसून त्यांना वाटेची गाणी म्हणून दाखवीन. तुमच्या रस्त्यावर चाक घालायचा नाही."

राजकन्या रथातून गेली. धड पदर सावरायच्या आत सासर आलं. डोळे सुजलेले, पोटात माहेरचा घास तसाच. वाटेत ना वाडी, ना बाई, ना ओटी. आणि रस्ता इतका सरळ, की सासरच्या गच्चीतून बापाच्या वाड्याचा कळस दिसायचा. ती दिवसभर तिकडंच बघत बसायची. एके सकाळी तिनं घोडा घेतला आणि स्वयंपाक व्हायच्या आत माहेरी येऊन पाटावर बसली.

राजानं परत पाठवली, ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. सरळ रस्ता जायला सरळ, तसा यायलाही सरळ, हे राजाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग सासरचा निरोप आला, "आता पाठवाल ती नांदायला पाठवा, नाहीतर ठेवून घ्या."

तेव्हा राणी राजाला म्हणाली, "मी या घरात नांदले, ती त्या म्हाताऱ्याच्या गाडीतून आले म्हणून. तुम्हाला वाटतं, तुमच्याकडं बघून?"

राजानं गाडीवानाला बोलावलं. "बैल घे. हिला ने, तुझ्या वाटेनं."

"आधी दवंडी मागं घ्या. जिथं जिथं पिटली, तिथं तिथं."

"बैल देतो आहे, तेवढं पुरे."

"मग पोरीला दोरी धरून पोचवा," असं म्हणून म्हातारा दरबारात मांडी घालून बसला. शिपाई उठवायला आले, तर राजकन्याच त्याच्या शेजारी बसली. आता तिला कोण उठवणार? राजा लाल झाला, पांढरा झाला, आणि उलटी दवंडी पिटली गेली.

गाडी निघाली. पहिल्या वळणाआड कळस गेला, तशी पोरगी मोकळी रडली. म्हाताऱ्यानं कासरा सैल सोडला, बैल हळू चालले. पहिल्या वाडीत बायांनी गाडी थांबवली. ओढ्यावर तिनं पाण्यात पाय सोडले. करवंदीच्या जाळीपाशी म्हणाली, "बाबा, जरा थांबवा ना." दिवस कलता कलता पोचली, तेव्हा ओठ जांभळे, ओटी जड, आणि तोंडात म्हाताऱ्याचं गाणं.

सासू म्हणाली, "किती उशीर केलात गं."

"छे," पोरगी म्हणाली, "जरा लवकरच आलो."

ती तिथं नांदली. राजरस्ताही राहिला, घाई असलेल्यांसाठी. पण जुन्या वाटेवर पुन्हा चाकं फिरली. पुढं म्हणे राजाची पालखीसुद्धा एकदा तिकडून गेली. ओळखू येऊ नये म्हणून साधी पालखी घेतली होती. पडदा मात्र सताड उघडा.

तात्पर्य: ज्याला वाटेची चव कळत नाही, त्याला पोचल्यावरही काही मिळत नाही, मग रस्ता राजानं बांधलेला का असेना.

संपली गोष्ट. मी स्वतः आजही हमरस्ता सोडून जुन्या घाटानंच जीप नेतो. तिथं मला अडवून, जीपभर प्रवाशांसमोर 'म्हातारा चळलाय' म्हणणाऱ्या माणसानं अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नाव धोंडिराम वाघचौडे.