खळखळून हसणारं फूल

पिवळ्याधमक बाभळींच्या बनाशेजारी एक इटुकली झोपडी होती. तिथे तुळसा राहायची. आठवीत शिकायची. गणवेश एकच, तोही ठिगळाचा. पण डोळे मात्र दवबिंदूंसारखे लुकलुकायचे. हसायची नाही ती. हसू आलं की हात पटकन तोंडावर! घरात ब्रश नव्हता, राखुंडीचा कंटाळा यायचा. म्हणून दात पिवळे पडलेले आणि तोंडाला वास.

बाकावरची आश्लेषा नाक धरून म्हणायची, "ए, सरक ना तिकडे! कांदा खाल्लास का गं?"

तुळसा सरकायची. सरकता सरकता बाक संपायचा.

स्नेहसंमेलनात तुळसाला फुलाचं काम मिळालं होतं. पाकळ्या उघडायच्या आणि खळखळून हसायचं, बस्स! पण तालमीत हात तोंडावरच. बाई म्हणाल्या, "तुळसा, तीन आठवडे आहेत. नाही हसलीस तर फूल दुसरीला द्यावं लागेल हं."

तुळसा बनात जाऊन रडू लागली. तेवढ्यात चिमुकला आवाज आला, "अगंबाई! केवढं दचकवलंस!"

बोटभर उंचीची परी! मोरपंखी पंख, चमचमती झालर, आणि एक पंख बाभळीच्या डिंकात घट्ट चिकटलेला. तुळसाने बाटलीतलं उरलंसुरलं पिण्याचं पाणी थेंब थेंब सोडलं. डिंक हळूहळू विरघळला. पंख फडफडला. सोनेरी, रुपेरी कण भुरभुरले.

"शहाणी माझी! एक इच्छा माग," परी म्हणाली.

"मला खळखळून हसायचंय."

"थांब, थांब! अशी नाही मागायची. अस्वच्छ तोंडाने मागितलेली इच्छा मला ऐकूच येत नाही. एकवीस दिवस सकाळी आणि रात्री जेवल्यावर बाभळीच्या कोवळ्या काडीने दात घासायचे. जेवणाआधी हात धुवायचे. आणि खाल्लं की खळखळून चूळ भरायची!"

"चूळ? खळखळून?"

"मग! खळखळून हसणं तिथूनच सुरू होतं."

तुळसा रोज काडी चावून तिचा इवलासा कुंचा करायची. चूळ भरली की अंगणातल्या कोंबड्या दचकून पळायच्या. आई विचारायची, "अगं, घरात ओढा शिरलाय की काय?"

एकविसावा दिवस म्हणजे संमेलनाचा दिवस. तालमीत हात अजून तोंडावरच जायचा, पण बाईंनी फूल तिच्याकडेच ठेवलं होतं. तुळसा फुलाच्या पोशाखात बनात पोचली, तर तिथे निळ्याजांभळ्या फुलपाखराच्या पोशाखात आश्लेषा मुसमुसत बसलेली. गाल टम्म सुजलेला.

"दाढ ठणकतेय गं. रोज गोड गोळ्या खाल्ल्या, रात्री घासायचा आळस केला. आता नाचू कशी?"

तुळसाने तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. इच्छा तर एकच होती! तिने खळखळून चूळ भरली आणि हाक मारली, "परीताई, हिची दाढदुखी थांबव."

"ठणका थांबवते," पानाआडून परी बाहेर आली, "पण दातातली कीड माझ्याने जायची नाही. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचंच हं!"

आश्लेषाचा गाल उतरला. तुळसा हळूच म्हणाली, "मग माझं हसू राहिलंच."

"वेडाबाई! ते माझ्याकडे होतं कुठे?" परीने आपला पंख आरशासारखा धरला. आत मोगऱ्याच्या कळ्यांची ओळ चमकली. "एकवीस दिवस घासून घासून तूच बाहेर काढलंस की!"

संध्याकाळी रंगमंचावर पाकळ्या उघडल्या. तुळसा हसली. हात वरती गेलाच नाही. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ! सगळं सभागृह हसू लागलं. पडद्यावर बसलेली परी त्या आवाजाने अशी दचकली, अशी दचकली, की लखलखता उजेड होऊन उडूनच गेली!

दुसऱ्या दिवशी वर्गात तुळसा सवयीने बाकाच्या टोकाला बसली.

"ए, सरक ना," आश्लेषा म्हणाली, "इकडे!"