आधी जुने संपवावे

एकदा एका वृद्ध विदुषीकडे तिची शिष्या चेहरा पाडून आली. दोघी प्रयोगशाळेत माणसांच्या रक्तपेशी पोषक द्रवाच्या बाटलीत तीन दिवस वाढवीत, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गुणसूत्रे पाहत. बाहेर बाकावर कीटकनाशकाच्या कारखान्यात काम करणारी शेवंता बसली होती. लग्नाला सहा वर्षे झालेली. मूल होऊ द्यावे की नाही, हे तिने या तपासणीवर सोडले होते.

"बाई, तिची गुणसूत्रे जागोजागी तुटली आहेत," शिष्या म्हणाली. "कसं सांगू तिला?"

"आज काहीच सांगू नकोस. चार दिवसांनी ये म्हणावं."

शेवंता परत गेली. चार दिवसांनी ती पुन्हा येऊन बाकावर बसली, तेव्हा आत बाईंनी शिष्येपुढे दोन काचपट्ट्या ठेवल्या. वर नाव नाही, नुसते आकडे. शिष्येने सकाळभर त्या पाहिल्या.

"पहिली व्यक्ती निरोगी आहे. दुसरीचं मात्र शेवंतासारखंच. कोण हो ही बिचारी?"

"मी. आणि पहिलीही मीच." बाईंनी बाही वर सारली. सुईचा डाग एकच होता. "पहिल्या बाटलीत नवा द्रव होता. दुसरीत तू शेवंतासाठी घेतलास तो, जुना. तो का घेतलास गं?"

"थोडा उरला होता. आई म्हणते, आधी जुनं संपवावं, मग नवं उघडावं."

बाई हसल्या. "माझ्याही घरी पिठाच्या डब्याला हाच नियम आहे. पण पोळी बिघडली की आपण पिठाचा वास घेऊन बघतो. इथे तू द्रव न बघता थेट शेवंताकडे बोट दाखवलंस. त्यातलं फॉलिक ॲसिड, पेशींना लागणारं जीवनसत्त्व, जुनं होऊन कमी झालेलं होतं. त्यावाचून उपाशी राहिलेल्या पेशीची गुणसूत्रे तुटतात. ती तिच्या अंगातच तुटली होती की आपल्या बाटलीत तुटली, हे तुला ठाऊक नाही. मलाही नाही."

शिष्या बाहेर बाकापाशी गेली. "ताई, रक्त पुन्हा घ्यावं लागेल. चूक माझी झाली."

शेवंताने हात पुढे केला. "घे की. सोळा सोमवार धरलेत मी. आणखी चार दिवस काय जड आहेत?"

नव्या द्रवात तिची गुणसूत्रे धड निघाली. दोन-चार तडे होते. तेवढे बाईंच्याही रक्तात होते.

एखाद्याला तुटलेला म्हणण्याआधी, आपण त्याला कशात ठेवले होते, एवढे एकदा पाहून घ्यावे.