जीपचं तेल आणि शेवंताची पाठवणी

"दादा गेला, हे जीपला कुणी सांगितलं का?"

येसबानं आईला विचारलं. आई डोळ्याला पदर लावून आत गेली. चुलत्याला विचारलं. चुलता खिशात विडी शोधायला लागला.

घाटाखालच्या गावात असा हा भोळा येसबा राहायचा. सांगितलेलं सगळं करायचा. सांगितलं तेवढंच, आणि अगदी तस्संच.

जीप दादाची, येसबाच्या थोरल्या भावाची. शेवंताला, म्हणजे बहिणीला, सासरी आपल्याच जीपमधून पाठवायचं, असं दादा बोलून ठेवून गेला होता. आता लग्न तोंडावर आलं आणि जीप चिंचेखाली कोंबड्या सांभाळत बसलेली. येसबानं मनावर घेतलं. दादाचा शब्द खाली पडता कामा नये.

मेकॅनिक रज्जाकभाईंनी बॉनेट उघडलं. म्हणाले, "येसबा, इंजिन म्हणजे गाडीचं काळीज. चांगलं तेल घेऊन ये."

येसबा पळत तात्यांच्या किराणा दुकानात. हे तात्या म्हणजे होणाऱ्या नवरदेवाचे सख्खे मामा.

"तात्या, काळजाला कुठलं तेल चांगलं?"

"करडईचं. मला डॉक्टरांनी तेच सांगितलंय."

येसबानं करडईचं आणलं. रज्जाकभाईंनी वास घेतला.

"आता यात भजी तळू का? लेका, तेल मागताना आधी सगळं सांगायचं. किती वर्षांची, किती चालली, चढाला काय करते. मग दुकानदार बरोबर तेल देतो."

"एवढंच ना!"

दुसऱ्या दिवशी आईनं शेवंताच्या केसांसाठी तेल आणायला पाठवलं.

"तात्या, तेल द्या. बावीस वर्षांची आहे. फारशी चाललेली नाही. चढाला धापा टाकते. सकाळी लवकर चालूच होत नाही, दोघांनी हलवावी लागते."

"कोण रे?"

"शेवंता. तुमची भाचेसून."

तात्यांचा तराजू हातातच राहिला. संध्याकाळी निरोप आला, मुलीला काही दुखणं आहे का? आई धावत गेली, हातापाया पडली. शेवंताला भर अंगणात पाण्याची कळशी घेऊन चालवून दाखवलं, तेव्हा कुठं लग्न टिकलं.

"मेल्या," आई म्हणाली, "आपल्या माणसाचं चांगलं तेवढंच सांगावं. उणं झाकावं."

"मग आधी नाही का सांगायचं?"

इकडं रज्जाकभाईंनी स्वतः जाऊन योग्य ते तेल आणलं, जीपमध्ये घातलं. सकाळी येऊन विचारलं, "रात्रीत खाली तेल गळलं का?"

"छे! गुणाची आहे. अंगानं भरलेली, स्वभावानं गरीब."

तेलाच्या थारोळ्यावर येसबानं पोतं टाकलं होतं, पोत्यावर रांगोळी काढली होती.

दोघं जीप चालवून बघायला निघाले, तर घाटाच्या पहिल्याच वळणावर स्टिअरिंगपुढचा तेलाचा लाल दिवा पेटला. रज्जाकभाईंनी जीप थांबवली आणि कपाळाला हात लावला.

"लेका, लाल दिसलं की जागच्या जागी थांबायचं. किल्ली काढायची. झाकण वर करायचं, निवू द्यायचं. मग वरून तेल घालायचं. तशीच नेली तर आतलं सगळं जळून जातं. कळलं?"

"कळलं."

गळती बंद झाली. रज्जाकभाईंनी तेलाचा जास्तीचा एक डबा जीपमध्ये ठेवला. म्हणाले, "पाच हजार किलोमीटर झाले की परत आण, तेल बदलू." लग्न लागलं. शेवंता आईच्या गळ्यात पडून रडली, दादाच्या फोटोपुढं रडली आणि जीपमध्ये बसली. रज्जाकभाईंनी किल्ली फिरवली. जीप एका दमात सुरू झाली.

येसबानं बहिणीकडं पाहिलं. डोळे लालभडक.

"थांबा!"

खिडकीतून हात घालून त्यानं किल्ली काढली. शेवंताच्या डोक्यावरचा पदर मागं सारला. पुठ्ठा घेऊन वारा घालायला लागला.

"काय झालं?" नवरदेव म्हणाला.

"निवू द्या, दाजी. अशीच नेली तर आतलं सगळं जळून जातं."

वऱ्हाडातल्या बायकांनी डोळे पुसले. तात्या हळूच म्हणाले, "पोरगं शहाणं झालं की!"

तेवढ्यात येसबानं डबा उघडला आणि बहिणीच्या टाळूवर पालथा केला.

मुंडावळ्या, शालू, नाक, सगळ्यावरून तेल ओघळलं. शेवंता किंचाळली. मग तिनं भावाच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसायलाच लागली. दादा गेल्यापासून ती हसली नव्हती. आता थांबेना.

रज्जाकभाईंनी रिकामा डबा फिरवून पाहिला. "तेल मात्र बरोबर घातलंय," ते म्हणाले.

येसबानं बहिणीचे डोळे नीट तपासले. किल्ली पुसली आणि नवरदेवाच्या हातात दिली.

"आता न्या, दाजी. पाच हजार किलोमीटर झाले की परत आणा. मी घरीच आहे."