चार रॉड आणि एक चहा

यंत्रं माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका दुकानात स्वस्तातलं, छोटं वेल्डिंग मशीन दोन दिवाळ्या धूळ खात पडलं होतं. यंदा खपलं नाही तर ते भंगारात जाणार होतं. एके दिवशी केरबा आला. त्याला घरचं फाटक आणि कोंबड्यांचं खुराडं जोडायचं होतं.

"मी दिवसभर दमत नाही," शेजारचं मोठं मशीन म्हणालं. "या चिमुरड्याला विचारा, जमतं का."

छोट्याला थाप मारायचा मोह झाला, पण दोन दिवसांत उघडी पडली असती. "काका, चार रॉड जळले की माझं अंग तापतं. मग दहा मिनिटं विसावा लागतो."

मोठं मशीन फिसकन हसलं. केरबानं छोट्याला काखोटीला मारलं.

"चार रॉडनंतर माझीही कंबर धरते, बाबा. तू गार होईस्तोवर माझा चहा होतो."