थकबाकी भरून घ्या!

मिरची कांडपाचं यंत्र घ्यायला यमुनाक्कांनी कर्ज मागितलं, तर ते नामंजूर झालं. कारण काय, तर त्यांच्या पतअहवालात 'थकबाकीदार' असा शेरा होता. अक्कांना मोठं नवल वाटलं. जुन्या बँकेचा ओव्हरड्राफ्ट तर त्यांनी व्याजासकट फेडून खातंही बंद केलं होतं! त्या तडक त्या बँकेत गेल्या.

व्यवस्थापक कुलथे मान वर न करताच म्हणाले, "शेरा आम्हीच कळवलाय, बाई. आमचा कॉम्प्युटर कधी चुकत नाही."

"मग माझंच चुकलं असंल," म्हणत अक्कांनी पिशवीतून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "थकबाकी भरून घ्या आणि पावती द्या."

कुलथ्यांनी ऐटीत कॉम्प्युटरवर त्यांचं खातं उघडायला घेतलं. पुन्हा घेतलं. रांगेतली माणसं माना उंचावून बघू लागली.

"घेता येत नाहीत," शेवटी ते पुटपुटले. "खातं बंद आहे. येणं काहीच नाही."

"अगंबाई! मग साहेब, तुमचा कॉम्प्युटर आत्ता खोटं बोलला, का तेव्हा?"

रांगेत हशा पिकला. अक्कांनी नोटा उचलल्या, पण शेरा रद्द केल्याचं कुलथ्यांच्या सहीचं पत्र हातात पडेपर्यंत खुर्ची काही सोडली नाही.