टोपलीखालचं पीठ

“…म्हणजे ते खरं असेल तर आई खोटी, आणि आई खरी असेल तर मी येडा. यातलं कोणतं, बाबा?”

मदारबाबा चिंचा फोडत होते. शेजारच्या गावाबाहेरच्या तकियात, त्यांच्या त्या एवढ्याशा मठीत, उन्हाळ्यात फकिराला दुसरं काम नसायचं. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी बस तरी.”

“बसायला नाही आलो.”

“मग उभ्यानं सांग. पण पहिल्यापासून सांग. तू मधूनच सुरू केलंस.”

लिंबा उभाच राहिला. दोन कोस उन्हात चालून आला होता. अंगात एकोणीस वर्षांची रग होती, आणि चौथीत सोडलेली शाळा. भादरलेल्या डोक्यावर केसांचे खुंट नुकते उगवले होते. मोठा भाऊ उमाजी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्याला आज बावीस दिवस झाले होते.

“दादाला जिथं निजवलं होतं तिथं परातीत पीठ पसरून ठेवलं. शेजारी दिवा, वर टोपली. तुमच्यात नसेल हे.”

“नाही. पण ऐकून आहे. सकाळी टोपली उचलायची. पिठात ज्याचं पाऊल उमटलं, त्याच्या जन्माला मेलेला गेला.”

“हां. मावशी म्हणाली, गाईचा खूर आहे. चुलता म्हणाला, पाखरू. आई म्हणाली, माणसाचं पाऊल. माझा उमा माणसातच येणार.”

“आणि तू?”



“काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. बघत राहिलो, तर ते पांढरं वाढतच गेलं. परात गेली, घर गेलं. दादा मेलाय हेसुद्धा गेलं. मी पण नव्हतो… आणि असं बरं वाटलं बाबा, की जन्मात कधी वाटलं नव्हतं. मी हसलो.”

“मोठ्यानं?”

“सगळ्या मयतीच्या माणसांदेखत. चुलत्यानं कानाखाली दिली तेव्हा थांबलो.”

“जोरात दिली?”

“अजून कान वाजतोय.”

“चांगला हात आहे चुलत्याचा.”

“थट्टा करू नका!” लिंबानं पायाजवळचा दगड लाथेनं उडवला. तो चिंचांच्या ढिगाऱ्यात जाऊन पडला. बाबांनी तो शांतपणे उचलून बाजूला ठेवला आणि पुढची चिंच घेतली.

“पुढं?”

“पुढं रोज मी नीट झोपलो. जेवलो. रानात गेलो. छातीवर जे बसलं होतं ते उठूनच गेलं होतं. मावशी म्हणाली, पोराला लागीर झालं. शहरातल्या डॉक्टरकडं नेलं. तो म्हणाला, धक्का बसला की डोकं असे खेळ करतं. गोळ्या दिल्या.”

“घेतोस?”

“झोप लागते.”

“मग घे. झोपेशी कशाला भांडतोस?” बाबांनी चिंचोका थाळीत टाकला. “बरं वाटलं. झोप लागते. मग दोन कोस कशाला आलास?”

लिंबा एकदम खाली बसला, कुणी खांदे दाबून बसवावं तसा.

“आई सावरली होती, बाबा. ते पाऊल दिसल्यापासून दोन घास खात होती. गावात जेवढ्या पोटुशी बाया आहेत, त्यांच्या घरी भाकरी-ठेचा घेऊन जायची. कुणाच्या पोटी येईल कुणाला ठाऊक, म्हणायची. जाताना पदर नीट करायची… पाव्हण्याकडं निघाल्यासारखी.”

“मग?”

“परवा जेवताना मी म्हणालो, पिठात काही नव्हतं. मी नीट बघितलंय. पाऊल नाही, बिऊल नाही. दादा कुठंच नाही.”

“असं तोंडावर?”

“तोंडावर.”

“तिनं काय केलं?”

“हातातला घास ताटात ठेवला. तो अजून उचलला नाही. पाणी तेवढं घेते, ते पण मावशीनं तोंडाला लावलं तर.”

“आणि तुझं ते बरं वाटणं?”

“तेही गेलं. त्याच घडीला. परत यावं म्हणून तीनदा पीठ पसरून बसलो. नुसतं पीठ दिसतं.”

“भाकरी तरी करायचीस त्याची.”

या वेळी लिंबा चिडला नाही. त्यानं बाबांचा गुडघाच धरला.

“तुम्ही चला. आईला सांगा, पाऊल होतं. फकिराचं ऐकेल ती.”

“मी बघितलं नाही.”

“मग सांगा की नव्हतं. पण काही नसतं तिथं असं-असं बरं वाटतं, ते सांगा. तुम्हाला सांगता येईल. मला नाही येत.”

“तुला बरं वाटलं होतं, हे तिला सांगितलंस?”

“नाही.”

“नुसतं नाही-नाहीच सांगितलंस.”

“खरं होतं ते!”

बाबांचे हात थांबले. थाळी त्यांनी सरकवली, समोरची धूळ तळव्यानं सारखी केली आणि बोट दाखवलं.

“तिला दिसलं ते पाऊल काढ इथं.”

“मला कुठं दिसलं?”

“तिनं सांगितलं असेल ना, कसं होतं ते. काढ.”

लिंबानं धुळीत टाच काढली. तळवा काढला. मग अंगठा. त्याच्या शेजारी एक बोट, दुसरं बोट, तिसरं.

हात थांबला.

“एक राहिलं,” बाबा म्हणाले.

“…एवढीच होती.”

“चार?”

“आईनं चारच सांगितली. टोपली उचलल्या उचलल्या म्हणाली, बघा, करंगळी नाही, माझ्या उमाचंच पाऊल. दादाच्या डाव्या पायाला चारच बोटं होती.”

“जन्मापासून?”

लिंबा पावलाकडं बघत राहिला. वर झाडात कावळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं, ते मिटलंसुद्धा.

“कुऱ्हाड माझ्या हातात होती,” तो म्हणाला. “सहा वर्षांचा होतो मी. दादानं घरी सांगितलं, लाकूड फोडताना माझ्याच हातून झालं. आईनं पायाला चिंधी बांधली आणि वर त्यालाच बडवलं. मी दाराआड. तो मार खात होता आणि… माझ्याकडं बघून डोळा मारला त्यानं.”

“आईला ठाऊक नाही?”

“नाही. दादाला होतं. आता कुणालाच नाही.”

“हं…”

“त्या पांढऱ्यात ते बोटही नव्हतं, बाबा. कुऱ्हाडही नव्हती. म्हणूनच…” त्यानं धुळीतलं पाऊल पुसायला हात पुढं केला.

बाबांनी मनगट धरलं. म्हातारा हात, पण पकड घट्ट होती.

“राहू दे. कुणाचं काय वाईट करतंय ते?”

लिंबानं हात सोडवायला ओढ घेतली. मग ओढायचं थांबला. रडताना त्याचं सगळं अंग हलत होतं, आणि बाबा मनगट तसंच धरून होते.

“आईला एक बोट नसलेलं दिसलं,” बाबा म्हणाले. “तुला तर सगळंच नसलेलं दिसलं. एकाच परातीत.”

“मग खरं कोणतं? ते देवाचं होतं का माझ्या डोक्याचं? पाऊल होतं का नव्हतं? सांगा ना बाबा… एक काहीतरी सांगा.”

बाबांनी त्याचं मनगट सोडलं.

“पिठात काय होतं ते मला ठाऊक नाही, पोरा. बोट कुठं गेलं ते तुला ठाऊक आहे. आईला अजून नाही.”